एकशे त्र्याहत्तर आय-कार्डं

झुंबर कुटेला सरकारी कागदाची धास्ती वाटे, आणि ती त्याला बापाकडून आली होती. बहिरू कुटे सायखेड्याहून निफाडच्या कचेरीत जायचे, तेव्हा साहेबानं एक कागद मागितला असेल तर ते सात घेऊन जायचे. उतारा मागितला तर सोबत रेशन कार्ड, पोराच्या शाळेचा दाखला, सोसायटीची पावती. एकदा तर देवी टोचल्याचं सर्टिफिकेटही त्यांनी साहेबाच्या टेबलावर ठेवलं होतं. "कागद कमी पडला तर सायेब माघारी धाडतो. जास्त झाला म्हणून कोणाला धाडल्याचं ऐकलं नाय," असं त्यांचं म्हणणं. म्हणण्यात चूक काही नव्हती. पण १९८१ च्या ऑगस्टमध्ये याच शहाणपणानं नाशिकच्या एका कॉलेजची निवडणूक उलटीपालटी करून टाकली. कॉलेजचं नाव सांगण्यात अर्थ नाही. तिथली मंडळी अजून हिंडतीफिरती आहेत आणि त्यांतली काही तेव्हा होती तितकीच भांडखोर आहेत.

झुंबर एस.वाय.बी.कॉम.ला होता. नावावरून मुलं त्याला चिडवायची. वर्गातली वीज गेली की मागच्या बाकावरून "कुटे, लाव रे!" अशी हाक ठरलेली. तो हसून सोडून द्यायचा. भांडण हा त्याचा प्रांत नव्हता. त्याचा प्रांत म्हणजे फॉर्म. परीक्षेचा असो, शिष्यवृत्तीचा असो, झुंबर तो एका बैठकीत, खाडाखोड न करता, वळणदार अक्षरात भरून द्यायचा, आणि त्याबद्दल कोणी चहा पाजला तर लाजायचा. त्यामुळे खेड्यावरून येणारी निम्मी मुलं त्याला ओळखत होती.

ही खेड्यावरून येणारी मुलं म्हणजे कॉलेजच्या भाषेत अप-डाऊनवाले. सायखेडा, चांदोरी, चांदवड, सिन्नर, दिंडोरी, जिकडून एस.टी.ची लाल गाडी येते तिकडून ती यायची. पहिल्या तासाला उशिरा, शेवटच्या तासातून लवकर. गॅदरिंग त्यांनी पाहिलेलं नसे, कारण गॅदरिंग संपेपर्यंत गाडी निघून जाई. आणि महिन्याच्या अखेरीला त्यांच्या नशिबी पासची खिडकी असे. नवा पास काढायचा तर स्टँडवर सकाळी सहापासून रांग. दोन दिवस कॉलेज बुडायचं ते बुडायचंच, वर रेटारेटी. मुलींना तर बाप किंवा भाऊ सोबत लागे. चांदोरीच्या सगुणा टर्लेच्या वडिलांनी, कारभारी टर्ल्यांनी, जुलैच्या अखेरीला अर्धा दिवस रांगेत काढला आणि घरी जाऊन शांतपणे सांगून टाकलं, "ह्या खेपेला उभा राह्यलो. परत राहायचो नाय. पास घरी आला तर कालेज, नायतर चूल." सगुणा एफ.वाय.ला होती. तिच्या आधी त्याच गावच्या दोन पोरी अशाच घरी बसल्या होत्या, त्यामुळे बाप नुसतं बोलत नाही हे तिला पुरतं माहीत होतं.

ही गोष्ट वत्सला गांगुर्डेच्या कानावर गेली ती गाडीत.

वत्सला टी.वाय.बी.ए.ला. नाशिक रोडची, वडील प्रेसमध्ये कामाला. तिला स्वतःला पास लागत नव्हता, खेडं माहीत नव्हतं, आणि त्या वर्षी ती जी.एस.च्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या जनरल सेक्रेटरीच्या, निवडणुकीला उभी होती. मुलींसाठी एल.आर., म्हणजे लेडीज रिप्रेझेंटेटिव्ह, नावाचं एक पद असे, त्यावर कुणीतरी मुलगी बसे आणि वर्षभर रांगोळ्यांच्या स्पर्धा भरवी. जी.एस.ला मुलगी उभी राहिल्याचं त्या कॉलेजात कुणाच्या आठवणीत नव्हतं. "मला रांगोळी काढता येत नाही," एवढंच कारण तिनं विचारणाऱ्यांना दिलं.

समोर रंगनाथ होता. भला मुलगा, खोटं कशाला बोला. राजदूत मोटरसायकल, दोन रंगांत छापलेली पोस्टरं, आणि रोज पन्नास मुलांना मिसळ. वत्सलाकडे यातलं काही नव्हतं, म्हणून तिनं एक वेडेपणा केला. पहाटेच्या जाणाऱ्या गाडीनं ती एकेका गावाला जायची आणि तीच गाडी मुलांना घेऊन परत निघाली की त्यांच्यासोबत उभ्यानं नाशिकला यायची. असे बारा दिवस. पत्रक वाटायची नाही, भाषण करायची नाही. वही काढून विचारायची, "तुझी अडचण काय?" आणि लिहून घ्यायची.

सायखेड्याच्या गाडीत पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्यानं तिला आडनाव विचारलं. आपल्याकडे आडनाव कशासाठी विचारतात ते सगळ्यांना ठाऊक असतं. वत्सलानं आडनाव सांगितलं, आणि म्हातारा दुसरा प्रश्न शोधत होता तेवढ्यात म्हणाली, "बौद्ध आहोत आम्ही, बाबा. तुम्ही बसा, मी उभी आहे ती बरी आहे." आवाजात राग नव्हता, अजीजीही नव्हती. झुंबर मागच्या सीटवर होता. त्याला स्वतःला साधा कंडक्टर रागावला तरी घाम फुटायचा. त्या क्षणापासून तो मनोमन तिचा कार्यकर्ता झाला. तिनं विचारलंसुद्धा नव्हतं.

वहीत सगळ्यात जास्त वेळा आलं ते पासच्या खिडकीचं. वत्सला निवडून यायची वाट बघत बसली नाही. सहा दिवस तिनं स्टँडवर खेटे घातले, डेपोच्या साहेबांना गाठलं आणि एक गोष्ट पदरात पाडून घेतली: कॉलेजनं सही-शिक्क्याची यादी दिली आणि सगळे फॉर्म एकाच मुलानं एकगठ्ठा आणून दिले, तर रांगेची गरज नाही. शनिवारी दुपारपर्यंत फॉर्म द्यायचे, सोमवारी विभागाच्या साहेबांची सही, संध्याकाळी पास हातात. एक सप्टेंबरपासून नवा महिना. "एकदा करून बघू," साहेब म्हणाले होते. "नीट झालं तर दर महिन्याला. गोंधळ झाला तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

आणि हे नीट करणारा माणूस कॉलेजात एकच होता. वत्सलानं झुंबरला बोलावून सांगितलं, "झुंबर, हे काम तुझं."

झुंबरला आकाश ठेंगणं झालं. तीन दिवसांत त्यानं एकशे त्र्याहत्तर फॉर्म भरले. फॉर्मवर एक रकाना होता, ओळखपत्राचा क्रमांक. क्रमांक लिहिला की काम झालं होतं. पण फॉर्म पूर्ण झाले तरी झुंबरचं मन भरेना. नुसत्या आकड्यावर साहेब विश्वास कसा ठेवील? एखादा म्हणाला की दाखवा ओळखपत्र, तर? तेव्हा बहिरू कुट्यांच्या या लेकानं एकशे त्र्याहत्तर जणांची आय-कार्डं मागून घेतली आणि प्रत्येक फॉर्मला टाचणीनं लावून टाकली. शनिवारी अकरा वाजता गठ्ठा खिडकीत दिला तेव्हा क्लार्क सहादू आहेर चष्मा वर करून म्हणाले, "कार्डं कशाला रे?" झुंबर नम्रपणे म्हणाला, "असू द्या, सोबत."

त्याच शनिवारी दुपारी चार वाजता कॉलेजच्या बोर्डावर नोटीस लागली. सोमवारच्या मतदानाला आय-कार्डाशिवाय मतपत्रिका मिळणार नाही. ही मागणीही वत्सलाचीच होती. आदल्या वर्षी बाहेरची पोरं येऊन मतं टाकून गेली होती, म्हणून तिनं लेखी अर्ज केला होता आणि रंगनाथनंही त्यावर सही दिली होती. पण चार वाजता अप-डाऊनवाले गाडीत होते. नोटीस वाचायला त्यांच्यातलं कुणीच नव्हतं.

सोमवारी, एकतीस ऑगस्टला, सकाळी दहाच्या ठोक्याला मतदान सुरू झालं. दोन दिवसांवर गणपती, रस्त्याकडेला मूर्तींची दुकानं मांडलेली, पोरं मजेत. झुंबर सगळ्यांत आधी रांगेत होता. टेबलावरच्या सरांनी हात पुढे केला. "कार्ड?"

झुंबरनं खिशाकडे नेलेला हात अर्ध्यावरच थांबला. त्याचं कार्ड कुठं होतं ते त्याला नेमकं ठाऊक होतं. त्याच्या मागच्या मुलाचं, आणि त्याच्याही मागच्याचं.

तो पळत बाहेर आला. सायखेड्याचा सोमा, त्याचा गाववाला, सायकलला टेकून उभा होता. झुंबरनं त्याला काही न सांगता कॅरियरवर उडी मारली आणि म्हणाला, "स्टँड! लवकर!"

खिडकीत सहादू आहेर दाभणानं गठ्ठा शिवून त्याला शेवटची गाठ मारत होते. फॉर्म, कार्ड, फॉर्म, कार्ड, असा सगळा जाडजूड गठ्ठा एका दोऱ्यात, आणि पानापानावर अनुक्रमांकाचा शिक्का. झुंबरनं कसंबसं सांगितलं. आहेरांनी ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते.

"हे बघ बाळ," ते म्हणाले, "सोड म्हणशील तर गठ्ठा सोडतो. पण मग नंबर पुन्हा टाकायचे, पुन्हा शिवायचं. अकराला शिपाई हा घेऊन विभागाकडे जाणार. साहेब सही करतात आणि तसेच दौऱ्यावर निघतात, ते थेट पुढच्या सोमवारी. आज चुकला तर तुमचे पास आठ दिवस पुढे गेले. आणि डेपोचे साहेब काय म्हणाले होते ते तुमच्या त्या ताईंना विचार."

भिंतीवरच्या घड्याळात दहा पंचवीस झाले होते.

"सोडा की मग!" सोमा ओरडला. "आठ दिवसांनी काय बिघडतंय? इथं इलेक्शन चाललीय!"

सगुणाचा फॉर्म झुंबरनं स्वतः भरला होता. पालकाची सही घ्यायला तो चांदोरीला गेला, तेव्हा कारभारी टर्ल्यांनी सही करून पेन परत देताना "बघू" एवढाच शब्द उच्चारला होता. "दहा मिनिटं थांबा," तो आहेरांना म्हणाला. "ताईंना विचारून येतो."

वत्सला कॉलेजच्या फाटकाबाहेर, ठरवून दिलेल्या अंतरावर उभी होती. तिच्याभोवती चाळीसेक अप-डाऊनवाले जमले होते आणि सगळ्यांना एव्हाना कळलं होतं. झुंबरनं सगळं सांगितलं. ओळखपत्राचा फक्त नंबर लागत होता, हेही सांगितलं. लपवता आलं असतं, पण त्याला ते सुचलंच नाही.

सोमानं त्याला सगळ्यांसमोर झाडून काढलं. "नंबर मागितला तर नंबर द्यायचा ना! कार्डं कोणी सांगितली व्हती तुला? अरे, एकशे त्र्याहत्तर मतं! त्या रंगनाथनं कोटी खर्च केले असते तरी इतकी मतं कापता आली नसती, ती तू एका टाचणीनं कापली!"

झुंबर मान खाली घालून उभा राहिला. त्याला खरोखर वाटत होतं की आत्ता स्टँडवर जावं, गाडीत बसावं, आणि पुन्हा या शहरात पाय ठेवू नये.

वत्सला म्हणाली, "सोमा, टाचणी त्यानं लावली. नोटीस मी लावायला लावली. दोन्हींची गाठ पडेल हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. ते राहू दे." तिनं झुंबरकडे पाहिलं. "गठ्ठा सोडायचा नाही. जाऊ दे सहीला."

"ताई, पडाल तुम्ही!"

"पडेन." ती सहज म्हणाली, पण कपाळावर घाम आला होता आणि तो तिनं पदरानं पुसला, हे झुंबरनं पाहिलं. "बारा दिवस मी तुमच्या गाडीत काय विचारत होते? अडचण काय ते. तुम्ही सांगितलं, पास. मग आता पास मिळतायत तर मीच आडवी येऊ?"

"मग सरांना सांगा ना," सोमा म्हणाला. "सर वळखतात आम्हाला. विनाकार्डाचं मत घ्या म्हणावं."

"अर्ज माझा आहे, सोमा. आज माझ्यासाठी नियम वाकवला तर उद्या तो कुणासाठीही वाकेल."

"म्हंजे आमचं मत बुडालं!"

"बुडालं," वत्सला म्हणाली. "ते मला भरून देता येणार नाही. त्याची मी तुमची माफी मागते." आणि तिनं त्या चाळीस मुलामुलींसमोर खरोखर हात जोडले.

आता, उमेदवार मतदानाच्या दिवशी हात जोडतोच. पण मत मागायला जोडलेले हात आणि हे हात यांतला फरक तिथल्या सगळ्यात मठ्ठ पोरालासुद्धा कळला. झुंबर सायकल घेऊन स्टँडवर गेला, आहेरांना "जाऊ द्या" म्हणाला, आणि शिपायाच्या पिशवीत गठ्ठा जाताना बघत उभा राहिला.

तो परत आला तेव्हा सगुणा बोलत होती. सगुणा वर्गात हजेरीला "यस सर" म्हणतानाही पुटपुटणारी. ती म्हणत होती, "आपल्याला मत नाय ते नाय. पण माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरी आज आल्याच नायत. इलेक्शन म्हंजे सुट्टी म्हणून घरी बसल्यात. त्यांच्याकडं कार्ड हाय ना? आपण त्यांना आणू."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. खरंच होतं ते. चौदाशे मुलांच्या कॉलेजात दरवर्षी मतं पडायची पाचशे. शहरातली मुलं मतदानाला येतच नसत. कॉलेज त्यांच्या दारात होतं, म्हणून त्यांना त्याची किंमत नव्हती. झुंबरला हे कधी जाणवलं नव्हतं, आणि जाणवल्यावर थोडा रागही आला.

पुढचे तीन तास नाशकानं जे पाहिलं ते पुन्हा कधी पाहिलं नसेल. ज्यांना शहरात स्टँड ते कॉलेज एवढाच रस्ता ठाऊक होता, ती खेड्यावरची पोरं पत्ते विचारत गल्लीबोळांत घुसली. पंचवटीत, जुन्या नाशकात, शरणपूर रोडला. चार जणांनी मॅटिनीच्या रांगेतून आठ मुलं बाहेर काढली आणि तिकिटाची जागा राखायला स्वतःचा एक माणूस रांगेत उभा केला. सगुणा आणि तिच्या दोन मैत्रिणी घरोघर जाऊन सांगत होत्या, "काकू, अर्ध्या तासात परत आणून सोडतो." ज्या पोरीला पासच्या रांगेत एकटीला उभं राहायची बंदी, ती दुसऱ्यांच्या पोरींची हमी देत हिंडत होती.

झुंबर रविवार कारंज्याजवळ त्याच्या वर्गातल्या यादव नावाच्या मुलाकडे गेला. दीड वर्ष दोघे एका बाकावर बसत होते, पण घर पाहण्याची ही पहिलीच वेळ. यादव अंघोळीला गेला होता. त्याच्या आईनं झुंबरला पाटावर बसवून पोहे दिले आणि कौतुकानं विचारलं, "तू दिलंस का मत?"

"नाय मावशी," झुंबर म्हणाला. "माझं कार्ड शिवलंय."

त्या माउलीला काही कळलं नाही, पण पोराचा चेहरा बघून तिनं पोह्यांवर आणखी खोबरं घातलं. यादव आला, त्याच्यासोबत गल्लीतली आणखी तीन मुलं आली. चारही जणांना झुंबर तीन सायकलींवर डबल सीट घालून फाटकापर्यंत घेऊन आला. वाटेत त्यानं वत्सलाचं नाव घेतलं, गाडीतली वही सांगितली, पास सांगितले. गठ्ठ्याचं मात्र सांगितलं नाही.

दोन वाजता फाटक बंद झालं तेव्हा आठशे शेहेचाळीस मतं पडली होती. एवढी मतं त्या कॉलेजनं कधी मोजली नव्हती. मतपत्रिका संपून दोनदा नव्या आणाव्या लागल्या, आणि बंडल बांधता बांधता सरांची बोटं दुखून आली.

पावणेपाचला निकाल सांगितला. रंगनाथ चारशे सव्वीस. वत्सला गांगुर्डे चारशे वीस.

सहा मतं. रंगनाथची पोरं गुलाल घेऊन तयारच होती. ढोल वाजला, राजदूतचा हॉर्न वाजला. वत्सलानं गर्दीतून पुढे जाऊन रंगनाथचा हात हातात घेतला, काहीतरी बोलली, आणि तो गुलालानं माखलेला मुलगा एकदम गंभीर होऊन मान हलवू लागला. काय बोलली ते कुणाला ऐकू आलं नाही. यादव झुंबरजवळ येऊन खाली बघत म्हणाला, "सॉरी यार. रंगनाथ आमच्या गल्लीतला पडतो. मी अन् माझ्यासोबत आलेल्या बंड्यानं त्यालाच दिलं." झुंबर म्हणाला, "दिलं ना? मग झालं." पण सहा मतांतली दोन आपणच सायकलवर बसवून आणली, हे गणित त्याच्या डोक्यातून जाईना. आणि बाहेर एकशे त्र्याहत्तर जण उभे होते.

तो कुणाला न सांगता स्टँडवर आला. सायखेड्याची गाडी फलाटाला लागलेली होती. शेंगदाणेवाल्याच्या मागं, कुणाला दिसू नये असा, तो उभा राहिला.

"झुंबर कुठंय?" पासच्या खिडकीपाशी आवाज आला. वत्सलाचा.

ती त्याच्याआधी पोचली होती. साडीवर कुणीतरी फेकलेला गुलाल होता, झटकायलाही वेळ मिळाला नसावा. हातात आहेरांनी दिलेले पास होते आणि दोरा तोडून मोकळी केलेली कार्डं. आजूबाजूला सगळ्या गाड्यांचे अप-डाऊनवाले गोळा झाले होते. "ये इकडे," ती म्हणाली. "नावं तुला माहीत आहेत. तू पुकार, मी देते."

झुंबरनं नावं पुकारायला सुरुवात केली. प्रत्येक कार्डाला दाभणाचं एक भोक पडलं होतं. कुणाच्या कोपऱ्यात, कुणाच्या कॉलेजच्या शिक्क्यात, आणि सोमाच्या तर फोटोत, बरोबर कपाळात. "ह्ये बघा, गोळी घातली मला," सोमा म्हणाला, आणि दिवसभरात पहिल्यांदा सगळे हसले. सगुणाचं नाव आलं तेव्हा तिनं पास दोन्ही हातांनी घेतला, तारीख वाचली, आणि ओढणीच्या टोकात बांधून टाकला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तिनं ते लपवायचा जराही प्रयत्न केला नाही.

पास संपले. झुंबरनं रिकामे हात पँटला पुसले आणि जे तासभर मनात घोकत होता ते बोलून टाकलं. "झालं. आता पुढच्या महिन्याला दुसरा कोणीतरी बघा. माझ्या हातात काय देत जाऊ नका. ताई माझ्यापायी पडल्या." आणि तो गाडीकडे वळला.

सोमानं त्याचा दंड धरला. "गप. सकाळी बोललो ते बोललो, मागं घेत नाय मी. येडपटपणा केला तू. पण एकशे त्र्याहत्तर फॉर्ममधी एक तरी माघारी आला का? एक तरी खाडाखोड? धर." आणि कपाळाला भोक पडलेलं आपलं कार्ड त्यानं झुंबरच्या हातात कोंबलं. "सप्टेंबर अखेर. तुझ्याकडंच."

झुंबर त्या कार्डाकडे बघतोय तोवर सगुणानं तिचं कार्ड वर ठेवलं. मग चांदवडच्या पोरांनी. मग सिन्नरच्या. नुसती कार्डं येत होती. हात भरला, दुसरा हात लावावा लागला, तरी येतच होती. झुंबरनं घाबरून वत्सलाकडे पाहिलं.

ती हसत होती. सबंध दिवसात इतकं मोकळं हसताना कुणी तिला पाहिलं नव्हतं. "मी सहा मतांनी पडले," ती म्हणाली. "तू बिनविरोध आलास, झुंबर. घे, पळता यायचं नाही आता."

कंडक्टरनं दोनदा घंटी मारली, वर शिव्याही घातल्या. झुंबरनं बाहीनं डोळे पुसले, कार्डांचा ढीग सांभाळत सगळ्यांत वरच्या कार्डावरचं नाव आणि नंबर मोठ्यानं वाचला, आणि वत्सलानं आपली वही उघडून नंबर लिहून घ्यायला सुरुवात केली. ती यादी पुरी होईपर्यंत गाडीत एक जण चढला नाही.